एअर-कूल्ड पोर्शे ९११ घेण्याआधी कशी तपासायची: एससी आणि कॅरेरा ३.२

जुनी ९११ बघायला गेलात की इंजिन सुरू करण्याआधी चॅसी नंबर वाचा. मॉडेल कोणत्या वर्षाचं ते कळलं की गाडीची निम्मी दुखणी कळतात. पुढच्या डिकीतलं कार्पेट उचललं की पेट्रोलच्या टाकीजवळ नंबर ठोकलेला दिसेल. १९८१ च्या मॉडेलपासून तो १७ अक्षरी आहे आणि दहावं अक्षर वर्षाचं: ई म्हणजे १९८४, एफ १९८५, जी १९८६, एच १९८७, जे १९८८, के १९८९. इंजिनाचा नंबर पंख्याच्या उजव्या बाजूला क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचावर, असतो. युरोपीय कॅरेरा ३.२ वर (१९८४ पासूनची ९११) इंजिनाचा प्रकार ९३०/२० असायला हवा. नसेल तर कागदपत्रांतून खुलासा होईपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नका.

ही गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि ती ९११ झाली. पहिलं इंजिन १,९९१ सीसी, १३० अश्वशक्तीचं, सहा आडव्या सिलिंडरचं, मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेलं. त्या वजनाने वळणावर मागची बाजू निसटायची, म्हणून १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,२११ वरून २,२६८ मिमी केला. क्षमता २.७ लिटरवर गेली तेव्हा मॅग्नेशियमचं क्रँककेस उष्णतेला पुरेना. सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड, म्हणजे लांब बोल्ट, आट्यांसकट उपटून यायला लागले. १९७८ च्या एससी या मॉडेलला ॲल्युमिनियमचं क्रँककेस आणि २,९९४ सीसी मिळाले, १९८४ च्या कॅरेराला ३,१६४ सीसी आणि २३१ अश्वशक्ती. नेहमी चालवायची असेल तर याच दोघींतून निवडा.

सर्वांत जास्त वेळ पत्र्याला द्या. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेली बॉडी सरळ करणं त्याहून अवघड. १९७६ च्या मॉडेलपासून पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे, पण अपघातानंतर वेल्डिंग झालं की त्या जागेचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दाराखालचे सिल, मागच्या चाकापुढचा खालचा कोपरा, दाराचं कुलूप अडकतं तो खांब आणि पुढे बॅटरीखालची जागा बोटाने दाबून बघा, लोहचुंबक फिरवा. चुंबक चिकटला नाही तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सिलमधून हीटरची गरम हवा जाते, म्हणून ते आतूनही सडतात; बाहेरून रंग चकचकीत असला तरी विश्वास ठेवू नका.

इंजिन गार असताना खालची व्हॉल्व्ह कव्हरं काढायला सांगा. एक्झॉस्टच्या बाजूचे, म्हणजे खालच्या ओळीतले, डिलाव्हार (एक मिश्रधातू) स्टड तुटतात. तुटलेल्याचा नट कधी कधी कव्हरमध्येच पडलेला सापडतो. दुसरी गोष्ट चेन टेन्शनर, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारी चेन ताणून धरणारा भाग. एससीचे मूळ टेन्शनर बंद प्रकारचे, ते निकामी झाले की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. कॅरेरा ३.२ मध्ये त्यांना इंजिनाच्या ऑइलचा दाब मिळतो. एससीत हीच सुधारणा केली आहे का, ते चेन कव्हरकडे जाणाऱ्या बारीक ऑइल नळीवरून लगेच ओळखता येतं. एससीच्या प्लास्टिकच्या एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा पुरवणारा डबा) पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडपही शोधा. नसेल तर गार इंजिन बॅकफायर झालं की एअरबॉक्स फुटतो.

सुरू करताना थोडा निळा धूर आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल झिरपतंच. गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना धूर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) झिजलेली समजा. कॅरेरा ३.२ मध्ये हे नेहमी आढळतं.

ऑइल नेहमी गरम इंजिनावर, गाडी सपाट जागी आयडलिंगला असतानाच मोजा. ड्राय संप असल्याने, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत असल्याने, इंजिन बंद झालं की टाकीतलं ऑइल खाली उतरतं, आणि गार असताना डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून भर घातली तर जादाचं ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं. एकूण सुमारे १३ लिटर मावत असलं तरी बदलताना दहाच्या आसपास लागतं. तेवढं घालून गाडी गरम करा, मग थोडं थोडं वाढवा.

१९८६ पर्यंतच्या गाड्यांत ९१५ गिअरबॉक्स आहे, १९८७ पासून जी५०. रिव्हर्स उजवीकडे मागे असेल तर ९१५, डावीकडे पुढे असेल तर जी५०. ९१५ गार असताना दुसरा गिअर जड जातो, ते चालेल. गरम झाल्यावरही करकरला तर सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले आहेत, आणि त्यासाठी इंजिन-गिअरबॉक्स दोन्ही खाली उतरवावे लागतील.