अंडी उबवताना पाणी जरा हात राखून

अंडी उबवायचं यंत्र विकत आणलंय किंवा थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून घरीच केलंय, आणि अंडी कोंबडा फिरत असलेल्या कळपातली आहेत, हे धरून चालते. खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली, कोंबडी हाताशी असेल तर पुढचं वाचूच नका. अंडी तिच्याखाली सारा आणि आपल्या कामाला लागा. हे बाकीच्यांसाठी.

आधीचा दिवस

यंत्र दिवसभर रिकामं चालवा. आत पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते, म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला ३८.५ च्या आसपास. यंत्राच्या पुढ्यात दिसणाऱ्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, दुसरा भरवशाचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून ताडून बघा. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा एकवीस दिवस साचत जातो: ऊब जास्त झाली की पिल्लं आधी निघतात, कमी पडली की उशिरा.

अंडी आठवड्यापेक्षा जुनी नकोत. धुतलेली तर नकोतच, कवचावरचा नैसर्गिक थर धुण्यात निघून जातो आणि जंतूंना वाट मोकळी होते. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. आणि मांडण्याआधी प्रत्येक अंड्याचं वजन करून लिहून ठेवा. कशाला ते पुढे येईल, पण हे आत्ताच करायचं काम आहे.

पहिले अठरा दिवस

दिवसातून तीनदा किंवा पाचदा फिरवा. आज रात्री फुली वर, उद्या रात्री गोल वर. विषम वेळा फिरवलं की हे आपोआप होतं आणि रात्रीच्या लांब वेळेत रोज तीच बाजू वर राहत नाही. न फिरवल्यास गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडं धरा. कोळ्याच्या पायांसारख्या शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जिवंत. नुसतंच स्वच्छ दिसलं तर फळलेलंच नव्हतं. लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेलाय. शेवटची दोन्ही काढून टाका, आत ठेवली तर नासतात आणि क्वचित फुटतातही. तो वास सांगून कळायचा नाही.

वीज गेली तर झाकण न उघडता यंत्रावर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी सोडा. तास-दोन तास गार पडल्याने सहसा बिघडत नाही, कोंबडीसुद्धा चरायला उठतेच. घात करतो तो उष्मा. थर्मोस्टॅट अडकून तापमान चाळिशीपार गेलं आणि तिथेच राहिलं की सगळा घाणा हातचा जातो.

पाणी

आता खरी गोष्ट: ओलाव्यासाठी यंत्रात वाटीत ठेवायचं पाणी. माझे पहिले तीन घाणे सारख्याच पद्धतीने वाया गेले. सातव्या दिवशी शिरा सुरेख, चौदाव्या दिवशी आत हालचाल, आणि एकविसाव्या दिवशी शांतता. तेविसाव्या दिवशी फोडून बघावं तर पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू कवचात मेलेलं. ज्याला विचारावं तो एकच सांगे, "ओलावा कमी पडला, पाणी वाढव." मी वाढवलं. दुसऱ्या घाण्याला एक वाटी जास्त, तिसऱ्याला ओला स्पंजही. दर वेळी मेलेली पिल्लं जास्त.

तिसऱ्या घाण्यातलं एक अंडं फोडताना कवचातून पातळ चिकट पाणी बोटांवर ओघळलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पिल्लू कोरडं पडून मेलं नव्हतं, बुडून मेलं होतं.

आत काय होतं ते समजून घ्या. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून अंड्यातलं पाणी रोज थोडं उडतं. जेवढं पाणी उडतं तेवढा बोथट टोकाचा हवेचा कप्पा मोठा होतो. बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी पिल्लू चोच आधी या कप्प्यात घुसवतं आणि फुप्फुसाने पहिला श्वास तिथेच घेतं. आपण यंत्रात दमट हवा कोंडून ठेवली की पाणी उडत नाही, कप्पा लहान राहतो. पिल्लाला मान वळवायला जागा नाही, श्वास घ्यायला हवा नाही आणि भोवती पाणीच पाणी.

पहिल्या अठरा दिवसांत साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रता चालते. पण मी तुम्हाला हा आकडा पाळायला सांगणार नाही. स्वस्तातले आर्द्रतामापक दहा-दहा टक्के चुकतात. तुमचा तपासायचाच असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने चिखलाइतपत भिजवा, मापकासकट घट्ट डब्यात बंद करा आणि सात-आठ तासांनी बघा. आकडा ७५ यायला हवा, जेवढा कमी-जास्त तेवढी त्याची चूक.

त्यापेक्षा तराजू खोटं बोलत नाही. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन मूळच्या साधारण १२ ते १३ टक्क्यांनी घटलं पाहिजे. समजा बारा अंडी मिळून ७२० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती ६८५ च्या आसपास हवीत, चौदाव्या दिवशी साधारण ६५०, अठराव्या दिवशी ६३०. सातव्या दिवशी ७०० भरली तर पाणी काढून घ्या, पूर्ण काढलंत तरी चालेल. ६७० वर आली तर वाटी वाढवा. मधे अंडी काढून टाकली असतील तर त्यांचं सुरुवातीचं वजन मूळ बेरजेतून वजा करायला विसरू नका, म्हणून वजन कवचावरच लिहिलेलं बरं.

वाटी वाढवा म्हणजे खोल वाटी ठेवा असं नव्हे. ओलावा पाण्याच्या पृष्ठभागावरून ठरतो. अरुंद पेला काठोकाठ भरून काही होत नाही, पसरट ताटलीत बोटभर पाणी पुरतं. हवेची भोकं बुजवून ओलावा वाढवायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. वाढत्या गर्भाला प्राणवायू लागतो, शेवटच्या आठवड्यात तर जास्तच. खोलीची हवा मुळातच दमट असेल तर पहिले अठरा दिवस थेंबभरही पाणी न ठेवता अंडी छान उबतात. मी तसं केलंय.

अठरावा दिवस आणि पुढे

फिरवणं बंद. अंडी आडवी ठेवा. आता मात्र पाणी वाढवा: आर्द्रता ६५ ते ७०. मग झाकण लावा आणि हात मागे बांधा.

पिल्लू कवचाला पहिला टोचा मारतं आणि मग तासन् तास काहीच करत नाही. बारा तास, अठरा तास, कधी चोवीस. इथे माणसाचा धीर सुटतो. माझाही सुटला होता. चिमट्याने एक टवका काढला तर पापुद्र्यातून ताजं रक्त आलं आणि पिल्लू गेलं. त्या शांत तासांत ते पोटात उरलेला बलक ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त अंगात परत घेत असतं. ते झाल्यावर ते आपोआप गोल फिरत कवच कापत जातं आणि टोपी उडवून बाहेर येतं. झाकण उघडलंत की ओली हवा भसकन बाहेर जाते आणि टोचा मारलेल्या बाकीच्या पिल्लांभोवतीचा पापुद्रा कागदासारखा वाळून आवळतो. एकाला बघायला जाल, चार अडकवाल.

निघालेली पिल्लं आतच वाळू द्या. बलकावर ती दोन दिवस बिनखाण्याची राहतात. अंगावरची लव फुलली की ३५ अंशाच्या उबेत, उथळ पाण्यापाशी हलवा. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात.

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी घराबाहेर नेऊन फोडा. हवेचा कप्पा चिमुकला, आत पाणी, पिल्लू सुजकट: पुढच्या वेळी पाणी कमी. कप्पा मोठा, पापुद्रा चिवट आणि अंगाला चिकटलेला, आणि मधे झाकण उघडलेलं नसेल: पुढच्या वेळी पाणी जास्त. वहीत तारखेसमोर लिहून ठेवा, आणि पुढची अंडी मांडताना ती वही तराजूशेजारी असू द्या.