मोजमापाच्या रेघा कशा वाचाव्यात : आधी घराची किंमत, मग उत्तर

तिसरी-चौथीतल्या अनेक मुलांची बेरीज-वजाबाकी पक्की असते, पाढेही पाठ असतात. तरीही मोजपात्राचे चित्र समोर ठेवून ‘यात किती पाणी आहे?’ असे विचारले की त्यांचे उत्तर चुकते. ही चूक बहुधा एकाच जागी होते. दोन छापील आकड्यांमधल्या बारीक रेघेची किंमत मुलाने शोधलेली नसते, ती गृहीत धरलेली असते. कंपासपेटीतल्या पट्टीवर लहान रेघ म्हणजे एक मिलिमीटर हे त्याने इतक्या वेळा पाहिलेले असते की कोणत्याही साधनावरची लहान रेघ ‘एक’ दाखवते असे त्याच्या मनात बसते. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी उत्तर विचारण्याआधी ‘इथे एका घराची किंमत किती?’ हा प्रश्न विचारण्याचा क्रम कधीही सोडू नये. घर म्हणजे लागोपाठच्या दोन रेघांमधली जागा.

पहिली पायरी : एकक आणि शून्य पाहावे

साधनावर मिली, ग्रॅम, सेमी किंवा अंश सेल्सिअस यांपैकी काय लिहिले आहे ते मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. त्यानंतर शून्य कोठे आहे हे त्याला बोटाने दाखवायला सांगावे. अनेक पट्ट्यांवर शून्याची रेघ अगदी कडेला नसून थोडी आत असते, तर शिंप्याच्या टेपवर मोजणी टोकापासूनच सुरू होते. पट्टीच्या एका कडेला सेंटीमीटर आणि दुसरीला इंच असतील, तर आपण कोणती कड वाचत आहोत हेही येथेच ठरवून घ्यावे.

दुसरी पायरी : घराची किंमत काढावी

सगळा भर या पायरीवर द्यावा. एका मोजपात्रावर १०० आणि २०० हे आकडे छापलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये चार बारीक रेघा आहेत, असे समजू. दोन आकड्यांतला फरक १०० आहे. चार रेघांमुळे पाच घरे तयार होतात, म्हणून एका घराची किंमत १०० भागिले ५, म्हणजे २० मिली होते. पाणी तिसऱ्या रेघेला टेकले असेल तर उत्तर १६० मिली येते.

घरांऐवजी रेघा मोजणारे मूल १०० ला ४ ने भागते आणि २५ मिळवते. ही चूक सहज पकडली जात नाही, कारण भागाकार नि:शेष जातो, २५ हा आकडा ओळखीचा असतो आणि १७५ मिली हे उत्तर ऐकायला अगदी योग्य वाटते. ती टाळण्यासाठी मुलाला १०० च्या रेघेवर बोट ठेवून ‘शून्य’ म्हणायला लावावे आणि बोट पुढच्या रेघेवर टेकले की ‘एक’, त्यापुढे ‘दोन’ असे २०० पर्यंत मोजायला सांगावे. अशा रीतीने रेघा नव्हे तर उड्या मोजल्या जातात आणि उड्या पाचच भरतात.

किंमत मिळाली तरी लगेच उत्तराकडे वळू नये. ती किंमत मिळवत पुढच्या छापील आकड्यापर्यंत वाचून पाहावे : १२०, १४०, १६०, १८०, २००. शेवटचा उच्चार बरोबर छापील २०० वर आला, म्हणजे किंमत खरी. २५ धरून वाचले तर चौथ्या रेघेवरच २०० होतात आणि छापील २०० एक घर पुढे उरते. ही पडताळणी मूल स्वतः करू शकते, त्यासाठी मोठ्या माणसाने ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ म्हणण्याची गरज राहत नाही, आणि म्हणूनच मला ती भागाकारापेक्षाही महत्त्वाची वाटते.

वजनकाट्यावर किलोचे आधी ग्रॅम करून घ्यावे. १ किलो आणि २ किलो यांच्यामध्ये तीन रेघा असतील तर १००० भागिले ४, म्हणजे एक घर २५० ग्रॅमचे होते आणि त्या रेघा अनुक्रमे सव्वा, दीड आणि पावणेदोन किलो दाखवतात. त्याच जागी चार रेघा असतील तर एक घर २०० ग्रॅमचे होते. अशा वेळी पहिल्या रेघेला सवयीने ‘सव्वा किलो’ म्हणणे चुकीचे आहे, कारण ती १ किलो २०० ग्रॅमची रेघ आहे. या काट्यावर दीड किलोला स्वतंत्र रेघच नसते, ती जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या बरोबर मध्ये येते. हे दोन्ही काटे कागदावर शेजारीशेजारी काढून मुलांना दीड किलो शोधायला द्यावे. नऊ रेघा असल्यास एक घर १०० ग्रॅमचे होते, हे मग मुलांना स्वतःच काढता येते.

तिसरी पायरी : नजर समोर ठेवून वाचावे

मोजपात्र सपाट जागी ठेवावे आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणावेत. ते हातात उचलून तिरपे पाहिल्यास वाचन बदलते. काचेच्या भांड्यात पाणी कडेला किंचित वर चढलेले दिसते, तेथे मधल्या खोलगट भागाची खालची बाजू वाचावी. पट्टी वाचताना डोळा रेघेच्या सरळ वर असावा. पातळी दोन रेघांच्या मध्ये असेल तर ‘१४० पेक्षा जास्त, १६० पेक्षा कमी, साधारण १५०’ असे सांगायला शिकवावे. अंदाज करणे हा वाचनाचाच भाग आहे.

पट्टीवरची वस्तू शून्यापासून सुरू होत नसेल तेव्हा दोन्ही टोकांचे आकडे लिहून वजाबाकी करावी. पेन्सिल ३ पासून ११ पर्यंत असेल तर तिची लांबी ८ सेमी आहे. ‘तीन, चार, पाच…’ असे आकडे मोजत गेल्यास उत्तर ९ येते, म्हणजे येथेही घरांऐवजी रेघाच मोजल्या जातात.

सराव : मोजपात्र स्वतः बनवावे

सरळ बाजूंची पारदर्शक बाटली घ्यावी, तिच्यावर कागदाची उभी पट्टी चिकटवावी आणि मापाने १०० मिली पाणी दर वेळी ओतून पातळीवर रेघ मारावी. त्यानंतर लागोपाठच्या दोन रेघांमध्ये पाच सारखी घरे पाडायला सांगावीत. पाच घरांसाठी आत चारच रेघा माराव्या लागतात हे मुलाच्या हातालाच कळते. वर रुंद होत जाणारा पेला मात्र यासाठी घेऊ नये. त्यात सारखेच पाणी ओतले तरी रेघा वर जाताना एकमेकींच्या जवळ येतात आणि सारखी घरे पाडता येत नाहीत. तो पुढच्या वर्गातल्या मुलांना ‘असे का होते?’ या प्रश्नासह द्यावा.