ईमेल आपोआप लावून ठेवण्यासाठी फिल्टर आणि नियम कसे तयार करावेत

इनबॉक्समध्ये येणाऱ्या मेलपैकी ज्यांना उत्तर द्यावे लागते, असे मेल थोडेच असतात. पावत्या, बँकेची विवरणे, वृत्तपत्रे, समाजमाध्यमांच्या सूचना आणि केवळ माहितीसाठी प्रत पाठवलेला पत्रव्यवहार यांची गर्दी मोठी असते, आणि या गर्दीत नेमका तातडीचा मेल खाली सरकत जातो. ही वर्गवारी रोज हाताने करण्याची गरज नाही, कारण जवळजवळ प्रत्येक ईमेल सेवेत फिल्टर किंवा रूल या नावाने ती सोय दिलेली असते. फिल्टरमध्ये दोनच भाग असतात: मेल कोणत्या अटीत बसतो, आणि बसला तर त्याचे काय करायचे. तयार करायला तो सोपा आहे. मात्र चुकीचा फिल्टर कोणतीही तक्रार न करता महत्त्वाचे मेल नजरेआड करत राहतो, म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये तपासणीवर मुद्दाम जास्त भर दिला आहे.

आधी वर्गवारी ठरवावी

सेटिंग उघडण्यापूर्वी गेल्या काही दिवसांतले मेल एकदा वरून खाली चाळावेत आणि प्रत्येकाबाबत एकच प्रश्न विचारावा: याचे मी काय करणार आहे? पाठवणाऱ्यानुसार फोल्डर करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्यातून पन्नास फोल्डर तयार होतात आणि एकही नियमितपणे उघडला जात नाही. त्याऐवजी 'पावत्या', 'निवांत वाचायचे' आणि 'फक्त माहितीसाठी' असे तीन-चार गट पुरतात. ज्या मेलवर काही कृती करायची आहे, त्यांच्यासाठी वेगळा गट करू नये. त्यांची जागा इनबॉक्समध्येच आहे.

जे मेल मुळात नकोच आहेत, त्यांच्यासाठी फिल्टर करण्यापेक्षा अनसबस्क्राइब करणे चांगले. नको असलेले मेल फिल्टरने बाजूला केले तरी ते साठत राहतात, आणि जीमेलची 15 जीबी मोफत जागा ड्राइव्ह आणि फोटो यांच्यासह मिळून वापरली जाते. दिवसाला 5000 किंवा अधिक प्रचारमेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याची सोय देणे जीमेलने 2024 पासून बंधनकारक केले आहे, त्यामुळे ओळखीच्या संस्थांच्या बाबतीत हे काम सोपे झाले आहे. अनोळखी, संशयास्पद मेलमधील अशा दुव्यावर मात्र क्लिक करू नये. तो मेल स्पॅम म्हणून नोंदवावा.

जीमेलमध्ये फिल्टर तयार करणे

हे काम संगणकावरील ब्राउझरमध्ये करावे, कारण जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही. एकदा तयार झालेला फिल्टर मात्र सर्व्हरवर, म्हणजे ईमेल सेवेच्या स्वतःच्या संगणकावर, चालतो आणि त्याचा परिणाम फोनवरही दिसतो.

शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक केले की अटींचा चौकोन उघडतो. त्यात पाठवणारा, ज्याला पाठवला तो पत्ता, विषय, मजकुरात असलेले शब्द, मजकुरात नसलेले शब्द, आकार आणि जोडपत्र असे रकाने असतात. येथे घाईने 'क्रिएट फिल्टर' दाबू नये. आधी 'सर्च' दाबावे, म्हणजे याच अटींत बसणारे जुने मेल समोर येतात आणि अट योग्य आहे की नाही हे लगेच कळते.

बँकेच्या मासिक विवरणाचे उदाहरण घेऊ. पाठवणाऱ्याच्या रकान्यात बँकेचे केवळ डोमेन, म्हणजे पत्त्यातील @ नंतरचा भाग, टाकून शोध घेतला, तर विवरणांबरोबर कर्जाच्या जाहिराती, व्यवहाराच्या सूचना, ओटीपी आणि एखादा संशयास्पद व्यवहाराचा इशाराही त्याच यादीत दिसेल. हा फिल्टर असाच राहिला तर तो इशारा 'पावत्या' या लेबलखाली (जीमेलमध्ये फोल्डरचे काम लेबल करते) जाऊन पडेल आणि महिनाअखेरपर्यंत कोणी पाहणार नाही. म्हणून अट आवळावी: डोमेनऐवजी विवरण ज्या पत्त्यावरून येते तो पूर्ण पत्ता द्यावा, विषयाच्या रकान्यात त्या मेलच्या विषयात दर वेळी येणारा शब्द टाकावा, आणि जोडपत्र असल्याच्या चौकटीत खूण करावी. पुन्हा शोध घ्यावा. यादीत आता फक्त विवरणे दिसत असतील तर अट तयार झाली. नसतील, तर चुकून आलेला मेल उघडून तो कोणत्या शब्दामुळे आला हे पाहावे आणि त्याला वेगळा पाडणारा शब्द 'डझंट हॅव' या रकान्यात लिहावा.

अट लिहिताना काही गोष्टी उपयोगी पडतात. दोन शब्द लागोपाठ हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत द्यावेत. दोनपैकी एक पत्ता चालणार असेल तर त्यांच्यामध्ये इंग्रजीतील मोठ्या अक्षरांत 'ओआर' लिहावे. लहान अक्षरांत लिहिल्यास जीमेल त्याला पर्यायाची खूण मानत नाही. शब्दाचा अर्धाच तुकडा दिला तर पूर्ण शब्द सापडेलच असे नाही, म्हणून शब्द पूर्ण लिहावा.

अट पक्की झाल्यावर 'क्रिएट फिल्टर' दाबावे, म्हणजे कृतींची यादी दिसते. लेबल लावणे, तारांकित करणे, वाचलेले म्हणून नोंदवणे, इनबॉक्स टाळून थेट अर्काइव्हमध्ये टाकणे (म्हणजे न हटवता इनबॉक्सबाहेर ठेवणे), दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे, स्पॅममध्ये जाऊ न देणे आणि हटवणे हे त्यातील मुख्य पर्याय आहेत. पहिल्या टप्प्यात केवळ लेबल लावावे आणि मेल इनबॉक्समध्येच राहू द्यावा, अशी माझी ठाम शिफारस आहे. दोन-तीन आठवडे लेबल योग्य मेलवरच लागते आहे याची खात्री झाली, की फिल्टर संपादित करून 'स्किप द इनबॉक्स' निवडावे. इनबॉक्स टाळून गेलेल्या मेलची सूचना सहसा फोनवर येत नाही, म्हणून हा संयम आवश्यक आहे. हटवण्याची कृती तर शक्यतो वापरूच नये. ट्रॅशमध्ये गेलेला मेल 30 दिवसांनी कायमचा जातो आणि फिल्टरने काय हटवले हे कोणी रोज जाऊन पाहत नाही.

जुन्या मेलवरही हाच फिल्टर लावायचा असेल तर त्याच यादीच्या शेवटी असलेल्या चौकटीत खूण करावी. दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची कृती मात्र नव्याने येणाऱ्या मेललाच लागू होते.

क्रमाचा प्रश्न

एकच मेल दोन नियमांत बसला तर काय होते, याचे उत्तर प्रत्येक सेवेत सारखे नाही, आणि बहुतेक गोंधळ येथेच होतो. आउटलुकमध्ये नियम वरून खाली क्रमाने चालतात. समजा, संपूर्ण कार्यालयाला जाणारी परिपत्रके 'फक्त माहितीसाठी' या फोल्डरमध्ये टाकणारा एक नियम आहे, आणि विभागप्रमुखांचे मेल महत्त्वाचे म्हणून नोंदवणारा दुसरा. विभागप्रमुखांनी सर्वांना उद्देशून पाठवलेला मेल दोन्हींत बसतो. तो इनबॉक्समध्ये राहावा असे वाटत असेल, तर विभागप्रमुखांचा नियम यादीत वर न्यावा आणि त्यात 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स' हा पर्याय निवडावा. आउटलुकच्या वेब आवृत्तीत सेटिंग्जमधील मेल या विभागात रूल्स उघडून हे करता येते, आणि प्रत्येक नियमाला अपवादही जोडता येतो.

जीमेलमध्ये असा क्रम नाही. मेल जितक्या फिल्टरांत बसेल त्या सर्वांच्या कृती त्याच्यावर होतात, त्यामुळे एका फिल्टरने तारा लावला तरी दुसरा त्याला इनबॉक्समधून बाहेर काढू शकतो. अपवाद अटीतच लिहावा लागतो. परिपत्रकांच्या फिल्टरमध्ये विभागप्रमुखांचा पत्ता उणे चिन्ह लावून वगळावा.

थंडरबर्ड या संगणकावर बसवायच्या ईमेल प्रोग्राममध्ये 'टूल्स' या मेनूतील 'मेसेज फिल्टर्स' येथे नियम तयार होतात आणि तेही क्रमाने चालतात. ते तुमच्या संगणकावर चालत असल्याने थंडरबर्ड बंद असताना फोनवर सगळे मेल इनबॉक्समध्येच दिसतील. अनेक उपकरणांवर मेल पाहणाऱ्यांनी म्हणूनच सेवेच्या वेब आवृत्तीत, म्हणजे सर्व्हरवर, नियम करावेत.

सर्व्हरवरील नियमांसाठी सिव्ह नावाची एक प्रमाणित भाषा 2001 पासून आहे आणि काही ईमेल सेवा ती वापरतात. तिच्यातील एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते: कोणत्याही नियमाने मेलची अन्य व्यवस्था केली नसेल, किंवा नियम चालताना चूक झाली असेल, तर मेल इनबॉक्समध्येच ठेवला जातो. स्वतःचे नियम लिहितानाही कल असाच असावा. शंका असलेला मेल समोर दिसत राहिला तर फार नुकसान होत नाही.

पत्त्यातच खूण

जीमेल पत्त्यात @ च्या आधी अधिक चिन्ह लावून कोणताही शब्द जोडता येतो आणि मेल त्याच खात्यावर येतो. खरेदीच्या संकेतस्थळांवर नावापुढे '+पावती' असा अर्थ देणारा शब्द रोमन अक्षरांत जोडून पत्ता दिला, तर 'टू' या रकान्यात तो पूर्ण पत्ता लिहून एकच फिल्टर सर्वांसाठी पुरतो. काही संकेतस्थळे असे चिन्ह स्वीकारत नाहीत. तेथे नेहमीचा पत्ता द्यावा लागतो.

देखभाल

दर काही महिन्यांनी 'सी ऑल सेटिंग्ज'मधील 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' हे पान उघडावे. संस्था पत्ते बदलतात आणि जुने फिल्टर निकामी होतात. ते काढून टाकावेत. याच पानावरून निवडलेले फिल्टर फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या खात्यात घेताही येतात.

हे पान पाहण्याचे आणखी एक गंभीर कारण आहे. खात्यात घुसलेला माणूस कधीकधी बँकेचे किंवा पासवर्ड बदलाचे मेल स्वतःकडे वळवणारा आणि तुमच्या इनबॉक्समधून हटवणारा फिल्टर करून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर चालूच राहतो. तुम्ही न केलेला असा फिल्टर दिसला तर तो लगेच काढावा, 'फॉरवर्डिंग' विभागातील अनोळखी पत्ता हटवावा, पासवर्ड बदलावा, इतर सर्व उपकरणांवरून खाते साइन आउट करावे आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी.