कोचवर जीव असेल तर वही घ्या

नुसता टी-शर्ट घालून भागत नाही, कोचचे निर्णय कळायला हवेत. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले अलाबामा विद्यापीठाचे कोच निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले, म्हणून जुन्या सामन्यांपासून सुरुवात करा. ८ जानेवारी २०१८ची अंतिम लढत उत्तम: मध्यंतराला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध ०-१३ मागे, सेबननी क्वार्टरबॅकच, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडूच, बदलला आणि ओव्हरटाइममध्ये २६-२३ने जिंकले.

वहीत चार रकाने आखा: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कुठे, कोचनं काय केलं. प्रत्येक चाल लिहायला गेलात तर पुढची हुकते. आधी फक्त तिसरा आणि चौथा डाऊन टिपा. चौथा लाल पेनानं. पंट (लाथेनं चेंडू लांब समोरच्या संघाकडे देणं), फील्ड गोल (लाथेनं चेंडू खांबांमधून मारणं) की यार्ड मिळवायची जोखीम, कोचचा स्वभाव तिथेच दिसतो. शेरा मात्र चालीचा निकाल लागण्याआधी लिहा, नाहीतर सगळेच शहाणे.

थेट सामना बघायचा तर न्यूयॉर्कची शनिवार दुपार १२ म्हणजे नाशकात रात्री ९:३०, तिथले संध्याकाळचे ७:३० म्हणजे रविवारी पहाटे ५. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून एक तास मिळवा. अलाबामाचं घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास मागे. गल्लत होते ती इथेच. पाचचा सामना साडेआठच्या सुमारास संपतो, म्हणजे रविवारची मिसळ चुकत नाही.