गेमिंग पीसीचं बजेट मॉनिटरपासून ठरवा

आकडा ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: कोणते गेम खेळणार आणि कोणत्या मॉनिटरवर. व्हॅलोरंटसारखा हलका गेम साध्या ग्राफिक्स कार्डवरही (गेमची चित्रं तयार करणाऱ्या भागावरही) पळतो. त्यासाठी महागडं कार्ड घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० फ्रेमच, म्हणजे ६० चित्रंच, दाखवणार, कार्डाने १५० काढल्या तरी. १०८०पी म्हणजे फुल एचडी मॉनिटरच्या तुलनेत फोर-केमध्ये चौपट पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात, आणि त्या चौपटीचा भार थेट कार्डावर, म्हणजे खिशावर येतो. माझ्या मते बहुतेकांना १०८०पी पुरतं.

साधारण चाळीस टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डाला द्या. रंगीत दिवे, काचेची कॅबिनेट यांवर हात आखडता घ्या, पण सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचाच घ्या. रॅम (कामापुरती मेमरी), एसएसडी (गेम साठवायची जागा) पुढेही वाढवता येतात.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरूनच विचारा, आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटीसाठी तेच लागतं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन हे बजेटमध्ये आधीच धरा. हप्त्यावर घेणार असाल तर व्याज आणि प्रोसेसिंग फी मिळून एकूण किती पडतं तेही बघा.