द्राक्ष हंगाम : प्रीकूलिंगचा वीजभार आणि स्मार्ट मीटरच्या नोंदी

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निफाड व दिंडोरी परिसरातील पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची आवक एकदम वाढते आणि प्रीकूलिंगच्या (साठवणुकीपूर्वी माल झटपट थंड करण्याच्या) खोल्या व शीतगृह यांचे कॉम्प्रेसर एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालतात. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसला आहे, त्यांनी केवळ महिन्याच्या एकूण युनिटांवर समाधान मानू नये. हा मीटर पाव किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्याने वापर नोंदवतो. हा तपशील ॲपवर दिसत नसल्यास वीज कार्यालयाकडे लेखी मागावा आणि आपल्या आवक वहीशेजारी ठेवून वाचावा.

बहुतेक ठिकाणी भाराचा कळस माल खोलीत भरल्यानंतरच्या काही तासांत येतो, आणि त्याचे मूळ बागेत असते. एक टन द्राक्षे ३० अंशांवरून ४ अंशांवर आणण्यासाठी सुमारे २६ युनिट इतकी उष्णता काढावी लागते. तोच माल सकाळी २० अंशांवर आला, तर हे काम १६ युनिटांवर येते. शीतयंत्र एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता काढते असे धरल्यास टनामागे सुमारे चार युनिट वाचतात. म्हणून दव ओसरताच काढणी सुरू करावी, ऊन चढण्यापूर्वी आटोपावी आणि क्रेट सावलीतून, झाकून आणावेत. यंत्रसामग्रीवर खर्च करण्यापूर्वी हे करावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

कमाल मागणी (बिलाच्या काळात नोंदलेला सर्वाधिक भार) ही ठरावीक कालावधीच्या सरासरीवर मोजली जाते, त्यामुळे मोटार सुरू होतानाचा क्षणिक प्रवाह तिच्यात फारसा उमटत नाही. सर्व यंत्रे अर्धा तास एकत्र चालली की मात्र ती वाढते. दोन खोल्या असतील तर दुसरी भरण्यास पहिलीचा भार उतरू लागल्यावर घ्यावे, मात्र त्यासाठी काढलेला माल उन्हात थांबवून ठेवू नये. पॉवर फॅक्टरही (घेतलेल्या एकूण भारापैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण) तपासावा : ४० किलोवॅट कामाच्या भाराला ०.८० वर ५० केव्हीए (एकूण भाराचे माप) लागतात, ०.९८ वर सुमारे ४१. हा फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर निकामी झाल्याचे अनेकदा बिल आल्यावरच कळते.

रात्रीचा भार वेगळा पाहावा. दारे बंद असताना आणि माल तेवढाच असताना तो रोज थोडा चढत असेल, तर दाराचे रबर, कॉइलवरील बर्फ आणि कंडेन्सरवरील धूळ तपासावी.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार शेतीखेरीज इतर ग्राहकांना वेळेनुसार दर लागू करण्याची तरतूद आहे व त्यात सौर तासांची (दिवसा ऊन असतानाची) वीज स्वस्त ठरते. तेव्हा आपल्या बिलावर कोणती वर्गवारी (शेती की इतर) छापली आहे ते आधी पाहावे. वीज वाचवण्यासाठी साठवणुकीचे ० ते १ अंश तापमान वाढवू नये, कारण देठ सुकणे आणि मणी कुजणे यांतून होणारे नुकसान बिलातील बचतीपेक्षा मोठे असते. करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली भाराची मर्यादा) कमी करण्याचा अर्जही पूर्ण हंगामाच्या नोंदी हाती आल्यानंतरच द्यावा.