दवाखान्याचे कागद कसे मागायचे : चिपळूणच्या एका झेरॉक्सवालीचा सल्ला

चिपळूणला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दाखले, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज हे नेहमीचं काम. २०२० पासून त्यात दवाखान्याच्या बिलांची भर पडली, ती अजून थांबलेली नाही. मी वकील नाही. पण कुठला अर्ज टेबलावरून पुढे सरकतो आणि कुठला ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो, एवढं मला कळतं.

कोविडच्या आधी आमच्याकडे बिलावर बोट ठेवायची पद्धतच नव्हती. उद्या पुन्हा त्याच डॉक्टरच्या दारात जायचंय, मग कशाला तोंड वाजवा? २१ मे २०२० ला सरकारने खासगी रुग्णालयांतले कोविडचे दर ठरवून दिले : दिवसाला वॉर्ड ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर लागला तर ९००० रुपये. जून २०२१ पासून गावांचे वर्ग पडले आणि छोट्या गावांत वॉर्ड २४०० वर आला. छापील दर हातात आल्यावर लोक माझ्या काउंटरवर बिलं पसरून पेनाने खुणा करू लागले. गुहागरकडचे एक काका पीपीई किटचा आकडा बघून म्हणाले, "एवढी माणसं माझ्या खोलीत आली कधी गो?"

ती दरमर्यादा साथीपुरती होती. टिकली ती १४ जानेवारी २०२१ ची शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नियमांतली दुरुस्ती. त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे असतात. म्हणून पेशंट भरती करताना पहिलं काम, त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढा. फलक नसेल तर नुसत्या भिंतीचा काढा, तोही उपयोगी पडतो. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही आणि पैसे थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हेही त्याच नियमांत आलंय.

भरतीच्या वेळीच दुसरं काम : महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे चालते का, ते विचारा. मे २०२० मध्ये ती राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली झाली. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, बसलेला असतो, रोख भरण्याआधी त्याला गाठा. सापडला नाही तर १५५३८८ ला फोन लावा.

आता डिस्चार्ज. काउंटरवर एका ओळीचं बिल देतात, 'हॉस्पिटल चार्जेस' आणि खाली आकडा. ते घेऊन घरी येऊ नका. खोली, डॉक्टरांच्या व्हिजिट, तपासण्या, औषधं, हातमोज्यांसारखं सामान, सगळं वेगवेगळं लिहिलेलं तपशीलवार बिल मागा; तो तुमचा हक्क आहे. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, ॲडव्हान्सचीसुद्धा.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे सगळे कागद नव्हेत. खरी गोष्ट केसपेपरमध्ये असते : डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सचा चार्ट, तुम्ही सही केलेलं संमतिपत्र. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत हे कागद द्यावे लागतात, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपावं लागतं. तोंडी मागाल तर "साहेब आल्यावर बघू" हेच ऐकाल. मी टाइप करून देते तो मजकूर असा (आयपीडी क्रमांक म्हणजे भरतीचा नंबर) :

"मी / माझे वडील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात दाखल होते (आयपीडी क्रमांक अमुक). संपूर्ण केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, संमतिपत्रे व तपशीलवार बिल यांच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात. प्रतींचा खर्च देण्यास तयार आहे."

एवढंच. आत राग ओतू नका, हलगर्जीचा आरोपही इथे नको. तो कागद हातात आल्यावर. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन या. पोच देत नसतील तर मुकाट परत फिरा आणि तोच अर्ज स्पीडपोस्टाने पाठवा. पेशंटऐवजी मुलगा जाणार असेल तर पेशंटच्या सहीचं पत्र जोडा. पेशंट गेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. कार्ड मशीनची आणि कित्येक मेडिकलची पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. ती लॅमिनेट केलीत तर काळीठिक्कर पडते, आणि नुसती ठेवली तर काही महिन्यांत कोरी. आधी झेरॉक्स मारा, मग फोटो काढून मुंबईच्या पोराला पाठवून ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात इथल्या किती घरांतल्या फायलींचा लगदा झाला, ते चिपळूणकरांना सांगायला नको.

तक्रार कुठे करायची, यात आपल्याकडे घोळ होतो, कारण पेशंट इकडे आणि दवाखाना भलतीकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं खासगी रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. घाट चढून कोल्हापूरला नेलं असेल तर तिथल्या महापालिकेचा आरोग्य विभाग. पणजीकडे नेलं असेल तर महाराष्ट्राचे हे नियम तिकडे लागत नाहीत. डॉक्टरच्या वागण्याबद्दल किंवा हलगर्जीबद्दल असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. सरकारी दवाखान्यातून कागद मिळत नसतील तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार वापरा.

पैशाच्या भरपाईसाठी ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला आणि आपल्यासारख्यांची मोठी सोय झाली : उपचार कुठेही झालेले असोत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या सेवेला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार होतात, तिथे मात्र हा कायदा चालत नाही. मुदत दोन वर्षांची. साथीतला काळ सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत मुदतीतून वगळला होता, म्हणजे त्या दिवसांतल्या बिलांची मुदतही फेब्रुवारी २०२४ अखेर संपली. तरी कुणी जुनी फाइल घेऊन आलं तर मी उशिराच्या माफीचा अर्ज वेगळा टाइप करून देते. कारण सबळ असेल तर आयोग तो ऐकतो.

रत्नागिरीला जाताना मूळ कागद दाखवायला न्या, प्रती देऊन या. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नका.